म्हसोबा जागचा हलला नव्हता

श्रीमंत हा काही वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, नंतर सांगितलं की सारवासारव वाटते. निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या त्या गावात कुणाकडं लग्न निघालं की मांडवाच्या बल्ल्या त्याच्याच गोठ्यातून जायच्या. कुणाचं दुखलंखुपलं तर रात्री-अपरात्री स्वतः जीप काढून लातूर गाठायचा. तारामतीनं त्याच्याबरोबर इतकी वर्षं काढली ती काही नाइलाजानं नव्हे. माणूस बरा होता.

एक खोड तेवढी होती. उन्हाळ्यात नांगरटीला ट्रॅक्टर लावला की धुऱ्याच्या कडेला येऊन तो बालाजी ड्रायव्हरला म्हणायचा, "बालाजी, जरा पलीकडून घे."

जरा पलीकडून म्हणजे गुरुपादप्पाच्या अंगानं. दोघांच्या वावरांमध्ये गवताची एक पट्टी होती, तोच धुरा. श्रीमंत दरसाल त्यातलं एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आपल्यात ओढायचा आणि निघालेली ढेकळं पलीकडं लोटून नवी कड रचायचा. त्यामुळं धुरा बघायला होता तसाच दिसायचा. फक्त दरसाल तो गुरुपादप्पाच्या वावरात आणखी थोडा शिरलेला असायचा.

ह्याला साक्षीदार एकच, आणि तो बोलणारा नव्हता. धुऱ्याच्या बरोब्बर मधोमध म्हसोबा होता, शेंदूर फासलेला, मांडीएवढा दगड. तारामती नवरी होऊन आली तेव्हा बैलगाडी त्याच धुऱ्यावरून आली होती आणि म्हसोबापाशी उतरून तिनं नारळ फोडला होता. एक वाटी ह्या घरची, एक गुरुपादप्पाच्या घरची, असा रिवाजच होता. श्रीमंत देवभोळा. त्यानं देवाला कधी धक्का लावला नाही. ट्रॅक्टर देवाजवळ आला की बालाजी नांगर उचलायचा आणि वळसा घालून पुढं जायचा. असं करता करता मधला म्हसोबा धुऱ्याच्या काठावर आला आणि एका हिवाळ्यात बघावं तर श्रीमंतच्या हरभऱ्यात उभा.

"देव आपल्या पायानं आपल्यात आलाय," श्रीमंतनं पारावर सांगितलं.

पुढच्या वर्षी तो म्हणायला लागला, "आपला देव जिथं, तिथवर आपलं रान." त्याच्या पुढच्या वर्षी त्याला आजोबा आठवले. आजोबा म्हणे पार चिंचेपर्यंत वहीत करायचे, निजामाच्या पटवाऱ्यानं लाच खाऊन घोळ केला. चिंच गुरुपादप्पाच्या वावराच्या ऐन मध्यावर होती. तारामतीनं मनात म्हटलं, बरं झालं आजोबा आणखी लांब गेले नाहीत, न्हाईतर बिदर आपलंच निघालं असतं.

गुरुपादप्पा सावकाश बोलणारा, अर्धं मराठी अर्धं कानडी. पहिली काही वर्षं तो गप्प बसला. मग श्रीमंतला म्हणाला, "श्रीमंतराव, धुरा चालाय लागलाय जणू." मग पोलीस पाटलाकडं गेला. पाटलानं दोघांना चहा पाजून न्याय दिला : "भांडू नका. दोघंबी थोडं थोडं सोडा." म्हणजे ज्याचं गेलं त्यानंही थोडं सोडायचं. गुरुपादप्पा उठून आला आणि दिवाळीत सिमेंटचे खांब अन् काटेरी तार आणून त्यानं चिंचेखाली टाकली.

खांब बघून श्रीमंतचं डोकं फिरलं. "माझ्या तोंडावर तार लावतो? मला चोर म्हणतो?" तेव्हापासून ट्रॅक्टरच्या सीटखाली कुऱ्हाडीचा नवा दांडा दिसायला लागला. ते कळल्यावर गुरुपादप्पाचे भाचे भालकीहून मोटारसायकलींवर येऊन गावातून उगाच दोन फेऱ्या मारून गेले. भाचे आल्याचं कळलं म्हणून श्रीमंतनं मुरुडच्या चुलतभावांना फोन करून ठेवला. जो तो म्हणायचा, मी काही भांडायला निघालो न्हाई, त्यानं सुरुवात केली तर असावं जवळ.

येत्या नांगरटीला त्या धुऱ्यावर कुणाचं तरी डोकं फुटणार हे गावातलं लहान पोरगंही सांगत होतं. तारामतीला झोप यायची नाही. गुरुपादप्पाची बायको नीलम्मा हीच तिची गावातली पहिली मैत्रीण. दोघी दुपारी म्हसोबाच्या दोन अंगांना बसून भाकरी खायच्या, ही ह्या बाजूला, ती त्या बाजूला, देव मधे. आता नीलम्मा आडावर दिसली तरी घागरीकडं बघायची.

फेब्रुवारीत हरभरा काढणीला आला आणि तिकडं लढाई सुटली.

तारामतीची साक्षी खारकिव्हला डॉक्टरकी शिकत होती. दोन वर्षं लातूरला क्लास लावून थोडक्यात हुकली, म्हणून युक्रेनला धाडली होती. लातूरच्या क्लासमधल्या निम्म्या पोरी कुठं कुठं गेल्या होत्या, त्यामुळं ते एवढं लांब कुणाला वाटलं नव्हतं. आता टीव्हीवरच्या नकाशात त्याच गावावर लाल बाण येऊन टेकले होते.

साक्षीचा फोन आला तेव्हा मागं लेकरं रडत होती. "आई, आम्ही खाली आहोत. मेट्रोच्या स्टेशनात."

"जेवलीस का?"

"बिस्किटं आहेत."

"वर आवाज कशाचा येतोय?"

"येतोय कशाचातरी," साक्षी म्हणाली आणि फोन तुटला.

श्रीमंत टीव्हीपुढून हलेना. डोळे लाल, दाढी वाढलेली. टीव्हीवरची बाई सांगत होती, की चाल करून आलेल्या देशाच्या हुकूमशहाचं म्हणणं असं : हा मुलूख पहिल्यापासून आमचाच. आधीच्या लोकांनी नकाशात घोळ केला. तिथं आमचीच माणसं राहतात, आमचीच देवळं आहेत. आणि शेजाऱ्यानं आमच्या दाराशी दुसऱ्यांची हत्यारं आणून ठेवली, म्हणून आम्हाला जावं लागलं. ह्याआधीही त्या हुकूमशहानं शेजाऱ्याचा एक तुकडा घेतला होता, तेव्हा सगळ्यांनी नुसती बैठक घेतली.

"पहिल्यापासून आमचाच!" श्रीमंत ओरडला. "मोगलाई लागून गेली का रे? दुसऱ्याच्या घरात रणगाडे घालतो आणि वर आज्याचं नाव सांगतो! पहिला तुकडा घेतला तवाच ह्याचं टाळकं हाणाय पाहिजे होतं!"

तारामती दारात हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर लेकीच्या काळजीशिवाय काही नव्हतं. त्याला खरंच काही ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बातमी आली की खाण्याच्या रांगेत उभं असताना कर्नाटकातलं एक पोरगं गेलं. साक्षीचा फोन लागत नव्हता. तारामती घमेलं तिथंच टाकून वावरात गेली. काढलेल्या हरभऱ्याच्या खुंटात म्हसोबा एकटाच उभा होता. तिनं हात जोडले. नारळ बोलता आला असता. बोकड बोलता आला असता. पण अशा वेळी मनात जे सगळ्यात जड असतं तेच तोंडातून निघतं. ती मोठ्यानं म्हणाली, "माझी पोरगी धड अंगानं घरी येऊ दे. तुझा धुरा तुला परत देते."

बोलली आणि मग तिच्या ध्यानात आलं. सातबारा श्रीमंतच्या नावावर. नांगर श्रीमंतचा. तिनं दुसऱ्याच्या हातातली वस्तू देवाला बोलून टाकली होती. पण नवस हा नवस. ऐकणाऱ्यानं ऐकला होता.

साक्षी आली. दोन दिवस रेल्वेत उभी राहून, मग चालत, मग पोलंड, मग दिल्ली. लातूरहून श्रीमंत स्वतः जीपमधून घेऊन आला. पाठीवर एक पिशवी आणि पायात तिकडच्या घरमालकिणीनं दिलेले लोकरीचे मोजे, मार्च महिन्यात. सगळं गाव गोळा झालं. गुरुपादप्पाच्या घरून कुणी आलं नाही. पण जीप त्यांच्या दारावरून गेली तेव्हा नीलम्मा उंबऱ्यात उभी होती. तिनं लांबूनच पोरीवरून हात उतरवले आणि कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. ते तारामतीनं पाहिलं.

पोरगी चार दिवस नुसती झोपली. पाचव्या दिवशी तिघं जेवायला बसल्यावर श्रीमंत खुशीत म्हणाला, "काय बोलली होतीस देवाला? सांग. माहूर? तुळजापूर? मी चांदीचा मुखवटा करतो."

"म्हसोबाला बोललेय."

"आपल्याच म्हसोबाला? मग तर सोपं. बोकड?"

"न्हाई."

"चबुतरा बांधू. वरून पत्रा टाकू. फरशी बसवू, लादीसकट."

"धुरा बोललेय," तारामती म्हणाली. "पहिला होता तिथं नेऊन देते म्हणाले."

श्रीमंतचा घास हातातच राहिला. "येडी का खुळी? ते रान आपलं हाय. आमचे आजे चिंचेपर्यंत..."

आणि साक्षी हसायला लागली. आल्यापासून ती हसली नव्हती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी थांबेना.

"काय झालं ग?"

"पप्पा, हे मी ऐकलंय. अस्संच्या अस्सं. फक्त त्यात चिंच नव्हती."

श्रीमंतला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो पांढरा पडला. "म्हणजे मी आणि तो भाड्या सारखे?"

"नाही पप्पा," साक्षी डोळे पुसत म्हणाली. "तुमच्याकडं नुसता ट्रॅक्टर आहे."

तो ताटावरून उठला. तारामतीला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर तिला नवऱ्याची दया आली, पण नवस तिनं दयेवर सोडला नाही.

श्रीमंत हुशार माणूस. त्यानं रातभर विचार केला आणि सकाळी बालाजीला पहार घेऊन बोलावलं. "देव धुऱ्यावर पाहिजे ना? मग नेऊन बसवतो की! आत्ताच्या धुऱ्यावर, मस्त सिमेंटमधी. नवस बी फिटला, रान बी राहिलं."

धुरा देवाकडं न्यायचा तर हा देवच उचलून धुऱ्याकडं न्यायला निघाला होता.

पण बालाजी पहार खांद्यावरून काढेना. "मालक, मी नांगर तुमी म्हणाल तिथं घालीन. आजवर घातलाच. देवाखाली पहार घालणार न्हाई. मला बी लेकरं हायत."

"अरे, मी सांगतोय ना!"

"तुमी सांगताय खरं, पण हात माझा लागंल."

ती युक्ती तिथंच राहिली. एप्रिल गेला. देगलूरच्या भावाला तारामतीनं फोनवर सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "ताई, पुरुषांच्या भानगडीत पडू नको." भाऊ होता म्हणून तिनं ऐकून घेतलं. इकडं साक्षीची कागदं जॉर्जियाच्या कॉलेजात गेली होती. पावसाळा सरता सरता ती पुन्हा विमानात बसणार होती. तारामतीनं तो देश नकाशात बघून घेतला.

"हा बी त्याच्याच शेजारी हाय की ग," ती म्हणाली.

"हो. ह्यांचाही तुकडा घेतलाय त्यानं. तिथं तर कुंपणच सरकतं म्हणे आई. सकाळी उठावं तर परसातलं झाड पलीकडं गेलेलं."

तारामतीला पटायला काहीच अडचण आली नाही. तिच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली : नवस अंगावर ठेवून ती पोरीला तिकडं पाठवणार नव्हती. आणि नांगरट तोंडावर आली होती.

त्या दिवशी ऊन चढायच्या आत ट्रॅक्टर वावरात आला. चिंचेखाली भालकीचे भाचे आधीच बसले होते, खांबांवर, जसे पाहुणे बाजेवर बसतात तसे. ह्या अंगाला मुरुडचे चुलतभाऊ तंबाखू मळत होते. गुरुपादप्पा काठी टेकून धुऱ्यावर उभा. श्रीमंत ट्रॅक्टरच्या मडगार्डवर. सगळे एकमेकांकडं न बघता एकमेकांना बघत होते.

तारामती फडक्यात भाकरी बांधून आली. कुणाशी बोलली नाही. सरळ म्हसोबापाशी गेली आणि त्याच्या अलीकडच्या अंगाला, जिथं ती नवी नवरी असताना बसायची त्या जागी, मातीत मांडी घालून बसली. साक्षी येऊन तिच्या शेजारी बसली.

ट्रॅक्टर जवळ येऊन थांबला. "ऊठ," श्रीमंत म्हणाला.

"भाकरी खातेय."

"ही काय भाकरी खायची वेळ हाय?"

"भूक लागली."

"तारा, माणसं बघायलीत. उगं इज्जत घालू नको."

"मी तुमची वाट कुठं अडवली? माझ्या अलीकडून घाला की नांगर."

श्रीमंतनं धुऱ्याकडं पाहिलं, मग बायकोकडं. तिच्या अलीकडून नांगर घातला की तिच्यापासून गुरुपादप्पापर्यंतची सगळी पट्टी पडीक राहत होती. एवढा हिशेब त्याला येत होता.

तेवढ्यात पलीकडून नीलम्मा निघाली. गुरुपादप्पा कानडीत काहीतरी म्हणाला, तिनं ऐकलं नाही. भाचे उभे राहिले. इकडं चुलतभावांनी तंबाखू टाकून दिली. ती गुडघ्यांना शिव्या देत धुरा ओलांडून आली आणि म्हसोबाच्या पलीकडच्या अंगाला, तिच्या जुन्या जागी, टेकली. पदरातून तिनं शेंगाची चटणी काढली.

"पोरगी वाळली ग," ती म्हणाली.

"खात न्हाई, आक्का."

"खाईल. भ्यालेलं माणूस उशिरानं खातं." तिनं भाकरीचा तुकडा मोडून देवावरून साक्षीच्या हातात दिला.

तारामतीनं चटणी घेतली. बऱ्याच दिवसांनी तिला तिखट लागलं. "आक्का, तार लावणार का तुमी?"

"लावणार. तुझ्या नवऱ्याचा भरवसा न्हाई."

"लावा. पण पहिल्या जागेवर लावा. आमच्या अंगाला धुरा सोडून."

गुरुपादप्पा हळूहळू काठी टेकत जवळ आला होता. त्याच्या तोंडावर आनंदाचं नाव नव्हतं. "ह्यात काय डाव हाय, श्रीमंतराव?" तो म्हणाला. "आज सोडता, उद्या कोर्टात म्हणाल, बायकांना दमदाटी केली."

आता सगळी माणसं श्रीमंतकडं बघायला लागली. तारामतीनं वर पाहिलं नाही. सीटखाली दांडा होता, पाठीमागं भाऊ होते, आणि पुढं, नांगराच्या वाटेत, त्याची बायको आणि जिवंत परत आलेली लेक भाकरी खात बसल्या होत्या. श्रीमंतनं मान खाली घातली, वर केली, टोपी काढून पुन्हा घातली.

"माझं काय न्हाई त्यात," शेवटी तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "देवाला बोललेलं हाय. देवाचं देवाला. देवापुढं आपलं काय चालतंय?"

तारामतीनं हे शब्द गिळून घेतले. इतकी वर्षं रान आपल्याकडं आलं तेही देवाच्या पायानं, आणि आता चाललं तेही देवाच्या बोलण्यानं. मधल्या मधी बिचारा श्रीमंत कुठंच नव्हता. असू दे. माघार घेणाऱ्याला धरायला एखादी काठी लागते. त्यानं दांड्याऐवजी देव धरला, तेवढं पुष्कळ.

साक्षी हळूच म्हणाली, "आई, त्या माणसापुढं असं कुणी बसलं नसेल का?"

"कुठल्या?"

"त्या तिकडच्या."

तारामतीला ते काय माहीत असणार. "बसले असतील," ती म्हणाली. "बायको, लेक, शेजारीपाजारी, कुणीतरी असंलच की."

"बसले तर पोलीस उचलून नेतात. कोरा कागद घेऊन नुसती उभी राहिलेली पोरंसुद्धा नेली. कागदावर काही लिहिलेलंही नव्हतं."

तारामतीनं भाकरी खाली ठेवली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो मडगार्डवर पडल्या चेहऱ्यानं बसला होता, गावापुढं मान खाली गेलेला, तरी तिला उचलायला त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. ते त्याच्या मनातही आलं नसणार. तिला वाटलं, अडवायला कुणी राहिलं नसतं तर ह्याचे आजोबाही चिंचेवर थोडेच थांबले असते.

"चला रे, बालाजी," श्रीमंत म्हणाला. आवाज बसलेला होता. मग त्यानं जन्मात कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं. "जरा अलीकडून घे."

बालाजीनं मागं वळून मालकाकडं नीट बघून घेतलं, चुकीचं तर ऐकलं नाही ना म्हणून. मग ट्रॅक्टर वळवला. नांगर तारामतीच्या अलीकडं जमिनीत उतरला आणि काळी माती उलटी होत पुढं सरकायला लागली. भालकीचे भाचे पुन्हा खांबांवर बसले, जरा हिरमुसलेच. गुरुपादप्पा मात्र काठीनं जागा चाचपत नांगराबरोबर चालत राहिला, अगदी टोकापर्यंत. त्याचा अजून विश्वास बसला नव्हता, आणि त्याला कुणी नावं ठेवावी असंही काही नव्हतं.

नीलम्मानं पदराच्या गाठीतून नारळ काढून देवापुढल्या दगडावर आपटला. एक वाटी तिनं ठेवली, एक तारामतीपुढं सरकवली.

ट्रॅक्टर टोकाला जाऊन परत फिरला. दुसरं तास घेताना श्रीमंतनं रानाकडं पाहिलं, सुटणाऱ्या पट्टीकडं पाहिलं, आणि त्याला राहवलं नाही.

"बालाजी," तो हळूच म्हणाला, "एवढं बी अलीकडं नको रे. जरासं..."

तारामती खोबरं खात होती. तिनं मान वळवली नाही.

"बसलेय मी," ती म्हणाली.